पाऊस देवाचा, पाट माणसांचा



आज ख्रिस्तसभा जगभर 'गरिबांचा दिन' पाळत आहे. पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून २०१७ पासून हा दिवस ख्रिस्तराजाच्या सणाच्या आधीच्या रविवारी पाळला जातो. आपल्या भागात तो कोणत्या दिवसांत येतो ते पाहा. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, गव्हाणीत मोळी पडलेली असते, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या जाऊ लागतात. पाटाच्या कडेला आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बीडहून, जालन्याहून आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावहून माणसे आलेली असतात. नवरा, बायको, लहान लेकरे, दोन बैल आणि एक संसार. नवरा-बायकोच्या त्या जोडीला आपण 'कोयता' म्हणतो. मुकादमाने किती कोयते आणले, असे विचारतो. माणसाला हत्याराचे नाव पडले, आणि ते आपल्या कानाला खटकतही नाही.

आजच्या दिवशी तुमच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवतो. दरवर्षी ही माणसे आपल्याकडे ऊस तोडायला येतात. आपल्यातले कोणी त्यांच्याकडे का जात नाही?

याचे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे. "फादर, तिकडे पाऊस नाही. देवाची करणी, माणूस काय करणार?" हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आज बोलायचे आहे.

पाणी कोठून आले?

आपल्या श्रीरामपूर-राहाता भागाचा पाऊस पाथर्डीच्या पावसापेक्षा काही फारसा जास्त नाही. आपणही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलीच माणसे आहोत. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात याच भागातल्या माणसांनी घरे सोडली, झाडपाला खाल्ला, खडी फोडली. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांची श्रद्धेची कहाणी त्या दुष्काळाच्या काळात मिशनरी फादरांच्या दाराशी सुरू होते.

मग आपले रान हिरवे कशाने झाले? पाऊस पडतो तो वर, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांत. तो अडवण्यासाठी इंग्रज सरकारने भंडारदऱ्याला धरण बांधले. ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी ते पाणी आपल्या शेतात आणले. दुष्काळ टळावा आणि पाणीपट्टीही मिळावी, असा तो सरकारी निर्णय होता. पाऊस देवाने दिला. पाट कोठून न्यायचा, कोणत्या गावाला चारी द्यायची आणि कोणते गाव वगळायचे, हे माणसांनी ठरवले.

पाण्यामागून भांडवल आले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्याने शेअर घेतला. त्याच्या जोडीला पुढे सरकारने सहकारी कारखान्यांच्या भागभांडवलात पैसे घातले आणि कर्जाला हमी दिली. सावकाराच्या दारात उभा राहणारा कुणबी कारखान्याचा सभासद झाला. ही फार मोठी गोष्ट घडली, आणि ती आपण अभिमानाने सांगावी. त्या पैशातून शाळा, कॉलेजे, दवाखाने उभे राहिले. आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले त्या शाळांत शिकली.

आणि भांडवलामागून भावाची हमी आली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे असते. भाव केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त आणि किफायतशीर दर जाहीर झाला. पैसे वेळेवर मिळत नाहीत, काट्यात घट दाखवतात, तोडणी-वाहतुकीची कपात जास्त होते, या तुमच्या तक्रारी मला ठाऊक आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पण भांडायला तुमच्या हातात कायदा आहे, हेही खरे.

आता पाथर्डीच्या डोंगराकडच्या शेतकऱ्याकडे पाहा. तो बाजरी पेरतो, तूर पेरतो. त्याच्याही पिकाला सरकार दरवर्षी आधारभूत किंमत जाहीर करते. पण बाजारात व्यापाऱ्याने त्या किमतीलाच माल घेतला पाहिजे असे बंधन नसते. पाणी नाही, कारखाना नाही, भावाची खात्री नाही. मग दिवाळी झाली की तो मुकादमाकडून उचल घेतो आणि बायकामुलांसह आपल्या शेतात येतो. तेथे त्याच्या मजुरीचा दर ठरतो तो साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या कराराने. उसाला चौदा दिवसांचा कायदा आहे. ऊस तोडणाऱ्या हाताला मात्र मुकादमाच्या वहीतली उचल, आणि ती फिटली की नाही हे सांगणारा तोच मुकादम.

बंधुभगिनींनो, पाणी, भांडवल आणि भाव हे तीन निर्णय जेथे पोहोचले तेथला शेतकरी उभा राहिला. जेथे तिन्ही पोहोचले नाहीत, तेथला शेतकरी मजूर झाला. दोघेही कष्टाळू आहेत, दोघांचाही देव एकच आहे. फरक पडला तो निर्णयांनी.

एकाच नदीचे दोन हिशेब

हे फक्त मराठवाड्याचे नाही. भंडारदऱ्याच्या खालीच त्याच प्रवरेवर निळवंड्याचे धरण आहे. संगमनेर, राहाता, कोपरगाव अशा तालुक्यांतली जी गावे जुन्या कालव्यांच्या वर राहिली, त्यांच्यासाठी त्याचे पाणी. या प्रकल्पाची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २०२३ मध्ये. १८२ गावांना त्याचा लाभ व्हायचा आहे. म्हणजे नदी तीच, जिल्हा तोच. खालच्या रानाला पाणी मिळाले आजोबा तरुण असताना, आणि वरच्या रानातला नातू म्हातारा व्हायला आला तेव्हा त्याच्याकडे पाट आला. मधल्या पन्नास वर्षांत त्या गावांतल्या किती मुली पाण्याच्या हंड्यासाठी शाळेतून निघाल्या, किती मुलगे पुण्या-मुंबईला हमालीला गेले, याचा हिशेब कोणत्याही सरकारी कागदावर नाही. देवाच्या वहीत तो असेल.

राज्याच्या पातळीवरही हेच झाले. महाराष्ट्रातल्या विभागांच्या असमतोलाची मोजणी करण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात समितीने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज यांत मागे राहिलेल्या भागांचा अनुशेष ३,१८६ कोटी ७७ लाख रुपयांचा काढला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० अखेर संपली. मधल्या काळात, २०११ मध्ये, डॉ. विजय केळकर यांची समिती नेमली गेली. तिने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुका हा घटक धरून विचार केला. ही गोष्ट लहान वाटेल, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. जिल्ह्याच्या सरासरीत तालुका हरवतो, आणि तालुक्याच्या सरासरीत वाडी हरवते. आपला अहिल्यानगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, साखरेच्या आकड्यांत श्रीमंत दिसतो. त्याच आकड्याखाली पाथर्डीचा डोंगर आणि अकोल्याचा आदिवासी पाडा झाकला जातो. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे मोजून 'सरासरी ठीक आहे' असे म्हणत घरी गेला नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

दुर्दैव की अन्याय?

वीज पडून झाड जळाले तर ते दुर्दैव. शेजाऱ्याने रात्रीतून बांध कोरला तर तो अन्याय. दुर्दैवात सापडलेल्याला आपण मदत करतो आणि त्यात आपले मोठेपण मानतो. अन्याय झाला असेल तर मदत पुरत नाही. त्याचे जे आहे ते त्याला परत द्यावे लागते. म्हणून 'पाऊस नाही, देवाची करणी' हे उत्तर आपल्याला सोयीचे पडते. त्या उत्तराने आपण मजुराला जुने कपडे देऊन मोकळे होतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाचे दोन प्रकार वेगळे दाखवले आहेत. एक देवघेवीचा न्याय: मी तुझा बैल घेतला, तर त्याची किंमत देईन. दुसरा वाटपाचा न्याय: जे सर्वांचे आहे, ते सर्वांमध्ये रास्त वाटले गेले पाहिजे. नदी सर्वांची आहे. सरकारी तिजोरीही सर्वांची आहे. पाथर्डीच्या माणसाने काडेपेटी घेतली, साबण घेतला, तेव्हा त्यानेही त्या तिजोरीत कर भरला आहे. त्या तिजोरीतून धरणे झाली, कारखान्यांचे भांडवल झाले. वाटप चुकले असेल तर त्याचा वाटा कोठेतरी अडकून पडला आहे. एका माणसाने चोरी केलेली नसतानाही असे होऊ शकते. म्हणूनच अशा पापाची कबुली द्यायला कोणीच येत नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी तर फक्त ऊस लावला.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट फार आधी ओळखली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ मध्ये 'मातेर एत माजिस्त्रा', म्हणजे 'माता आणि शिक्षिका', हे परिपत्रक लिहिले. ते स्वतः इटलीतल्या गरीब शेतकरी घरातले, मोठ्या कुटुंबात वाढलेले. माणसे शेती सोडून शहराकडे का जातात, याचा त्यांनी विचार केला आणि सांगितले की शेती मागे पडू देऊ नये. खेड्याला रस्ते, वाहने, पिण्याचे पाणी, घरे, दवाखाने आणि शिक्षण मिळाले पाहिजे. शेतकऱ्याला कर्ज, विमा आणि भावाचे संरक्षण पाहिजे, आणि कर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पाहिजे. शेतकऱ्यांनी सहकारात एकत्र यावे, हेही त्यांनी सांगितले. आणि एकाच देशातला एक प्रदेश पुढे आणि दुसरा मागे असेल, तर ती दरी कमी करणे हे न्यायाचे काम आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे आपल्या सहकाराला ख्रिस्तसभेचा आशीर्वादच आहे. पण त्याच आशीर्वादाबरोबर हा प्रश्नही येतो की, सहकाराचे फळ सभासदाच्या बांधाशीच थांबले काय?

रूथ: सुगीला आलेली परकी बाई

पवित्र शास्त्रात ऊसतोडीसारखीच एक कथा आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर'. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडला, आणि अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जगायला गेला. तेथे बापही गेला आणि दोन्ही मुलगेही गेले. नामी परत निघाली तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिच्याबरोबर आली. दोघी विधवा, हाती काही नाही. त्या पोहोचल्या तेव्हा सातूची सुगी नुकतीच सुरू झाली होती. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली.

येथे तीन गोष्टी नीट पाहा.

पहिली, रूथ भीक मागायला गेली नाही. इस्राएलात नियमच होता: शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेले कणीस उचलायचे नाही; ते गरिबाचे, परक्याचे, विधवेचे आणि पोरक्याचे. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत तो लिहिलेला आहे. शेतमालकाच्या पिकातला एक भाग मुळात त्याचा नव्हताच. आजच्या भाषेत हे सरकारचे धोरण होते.

दुसरी, कागदावरचा नियम चांगल्या माणसाशिवाय शेतापर्यंत पोहोचत नाही. बवाज शेताचा धनी होता. त्याने रूथला सांगितले, तहान लागली तर माझ्या गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी पी. गड्यांना ताकीद दिली, तिच्या अंगाला हात लावायचा नाही, तिला बोलायचे नाही. जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसवले. आणि मुद्दाम पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी टाकून ठेवायला सांगितली. पाणी, अब्रू, ताटाला ताट आणि हक्काचे धान्य.

आता आपल्या फडावर या. कोपीजवळ पिण्याचे पाणी आहे काय? बाईला आडोसा आहे काय? २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची जी पाहणी आली, तिच्यात ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीचे दुखणे, अंगावर काढलेला आजार, आणि 'पिशवी काढून टाक' म्हणणारा सल्ला. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेचा हा एक हिशेब आहे. मी कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. आयाबहिणींनी हे ऐकावे आणि पुढच्या वेळी पाटावर धुणे धुताना शेजारी ती बाई दिसली, तर तिच्याशी दोन शब्द बोलावे, म्हणून सांगतो.

तिसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. बवाज शेतात दया दाखवून थांबला नाही. तो गावाच्या वेशीत गेला. त्या काळी वेस म्हणजे कचेरी, कोर्ट आणि ग्रामसभा, सारे एकच. त्याने दहा वडीलधाऱ्यांना बसवले आणि नामीच्या जमिनीचा प्रश्न सर्वांसमोर मांडला. तेथे त्याच्यापेक्षा जवळचा एक नातेवाईक होता. जमीन सोडवून घ्यायला तो आधी तयार झाला. पण रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल म्हटल्यावर मागे सरला. आपल्या स्वतःच्या वतनाला धक्का लागेल, अशी त्याला भीती वाटली. शास्त्राने त्याचे नावसुद्धा नोंदवलेले नाही. बवाजचे नाव मात्र मत्तयच्या शुभवर्तमानातल्या प्रभू येशूच्या वंशावळीत आहे, आणि त्या परक्या मजूर बाईचेही आहे.

आपली वेस

'आपल्या वतनाला धक्का लागेल.' ही भीती आपल्या ओळखीची आहे. पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्याची गोष्ट निघते आणि आपल्याकडे रस्ता अडवण्याची भाषा सुरू होते. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, त्यात ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र होते. त्यावर मुंबई उच्च न्यायालयातही वाद झाला. किती पाणी सोडावे, नदीत किती मुरेल, टक्केवारी किती असावी, हे तज्ज्ञांनी ठरवावे. देवळातून क्युसेक सांगणे हे धर्मगुरूचे काम नाही. आपल्या शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. दोन एकरांचा धनी आवर्तन चुकले की कर्जात जातो.

पण आपण बोलतो कसे, हे पाहणे माझे काम आहे. 'आमचे पाणी पळवले' असे आपण म्हणतो, तेव्हा अकोल्याचा आदिवासी काय म्हणत असेल? पाऊस त्याच्या डोंगरावर पडतो, धरण त्याच्या जमिनीवर आहे. त्याने आपल्याला कधी चोर म्हटले नाही. आणि ज्याला आपण पाणी द्यायला तयार नाही, तोच माणूस कोयता घेऊन आपल्या फडात येतो. पाणी त्याच्या गावाला गेले तर तो येणार नाही, ही गोष्ट आपल्या मनात कोठेतरी दडलेली तर नाही ना? तसे असेल तर आपल्या समृद्धीला त्याच्या दुष्काळाची गरज लागते, असा त्याचा अर्थ होतो. प्रार्थनेत बसून प्रत्येकाने हे स्वतःला विचारावे.

कृषी खर्च व मूल्य आयोगाने एकदा दाखवून दिले होते की, महाराष्ट्रात पिकाखालच्या एकूण जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांहून कमी, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा जवळजवळ सत्तर टक्के. ऊस लावू नये असे मी म्हणत नाही. ठिबकवर लावावा, मोकाट पाणी सोडू नये, इतके तर आपल्या हातात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला, ऊस आणि शेतीसाठीच्या बोअरवेल बंद केल्या, आणि गाव सोडून गेलेली माणसे परत आणली. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपल्याच जिल्ह्यातून पाणलोटाचे काम उभे केले, आणि १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. कोरडवाहू गावांनी श्रमदान करून डोंगराचे पाणी डोंगरावरच अडवले. ज्या गावाला पाट मिळाला नाही, त्या गावालाही उभे राहता येते. त्याच्यामागे कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

वेशीत न्याय होऊ शकतो, याचाही दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आली, वि. स. पागे यांनी ती लावून धरली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसे कोठून आणायचे? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यातल्या हाताला काम द्यायचे. आजही तुमच्या पुण्या-मुंबईच्या मुलाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची ती कपात दिसते. तिच्याबद्दल तो कुरकुर करीत असेल तर त्याला ही गोष्ट सांगा. शहराच्या पिकाच्या कडा गरिबासाठी सोडलेल्या आहेत, तो सरवा आहे. पुढे २००५ मध्ये केंद्राने हाच विचार देशभरासाठी कायद्यात आणला. दुष्काळी तालुक्यातल्या खेडुताला जे मिळाले ते कोणाच्या दयेवर मिळाले नाही, कायद्याने मिळाले.

आपण काय करावे?

म्हणून या हंगामासाठी दोन प्रकारची कामे सांगतो.

शेतातली कामे. ज्याच्या फडात टोळी उतरेल, त्याने पिण्याच्या पाण्याची सोय स्वतः करावी आणि बायकांसाठी आडोसा उभा करून द्यावा. घरात जुनी ताडपत्री पडलेली असेल तर ती त्या कामी लागेल. कोपीवरची मुले दिवसभर उघड्यावर असतात. शाळेच्या शिक्षकांना सांगून त्यांची नावे हंगामापुरती तरी आपल्या शाळेत घालता येतात. शिक्षक असलेल्या आपल्या धर्मग्रामस्थांनी यात पुढाकार घ्यावा. सिस्टर्सना विनंती आहे की त्यांनी आठवड्यातून एकदा कोप्यांवर जाऊन आयाबहिणींची विचारपूस करावी. येत्या नाताळचे गोडधोड घरोघर वाटताना एक ताट त्या बाजूलाही जाऊ द्या. त्यांच्या धर्माची चौकशी करू नका. रूथ मवाबी होती.

वेशीतली कामे. कारखान्याचे जे सभासद आहेत त्यांनी वार्षिक सभेत केवळ उसाच्या भावावर बोलू नये. तोडणीचे पैसे मजुराच्या खात्यावर थेट जातात काय, त्याचा विमा आहे काय, तळावर संडास आणि पाणी आहे काय, हे विचारावे. एक सभासद उभा राहिला तर लोक हसतील. दहा उभे राहिले तर उत्तर द्यावे लागेल. बवाजनेही दहा माणसे जमवली होती. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. टोळीतल्या माणसांना त्यांची माहिती द्या, नोंदणीचा अर्ज भरून द्या. आपल्या तरुणांना मोबाइलवर सारे येते, त्यांनी एवढे करावे. आणि मते मागायला येणाऱ्याला केवळ आपल्या चारीचे विचारू नका. वरच्या वाडीचा रस्ता, पाड्यावरचा दवाखाना, कोरडवाहू पिकाचा भाव यांचेही विचारा.

आपल्यातले बरेच जण स्वतः भूमिहीन आहेत, रोजंदारीवर जातात. त्यांना वाटेल, फादर हे आम्हाला का सांगतात? बंधूंनो, बाहेरून आलेला मजूर तुमची मजुरी पाडतो असे तुम्हाला सांगितले जाईल. त्याला शत्रू मानू नका. तुमच्या आजोबांनीही कधीतरी असेच गाव सोडले होते. तुमची आणि त्याची मजुरी एकत्रच वाढेल, नाहीतर एकत्रच पडेल.

पुढच्या रविवारी आपण ख्रिस्तराजाचा सण साजरा करू. तो राजा बेथलेहेमला जन्मला, भाकरीच्या त्या घरात, जेथून एकदा दुष्काळाने माणसे निघून गेली होती आणि जेथे एक परकी बाई सरवा वेचून जगली. त्याच्या राज्यात सर्वांना पुरेल इतकी भाकर आहे. ती सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू, तू पाऊस सर्वांसाठी पाडतोस. आमच्या हातांनी काढलेले पाट सर्वांपर्यंत जावोत. ज्यांच्या घामाने आमची साखर गोड होते, त्यांची नावे आम्हाला कळू देत. शेतात आम्हाला दयाळू कर आणि वेशीत उभे राहण्याचे धैर्य दे. मतमाउली मारिये, मुलांना घेऊन वाटेवर निघालेल्या साऱ्या मातांसाठी विनंती कर. आमेन.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू